पाहुणे विचारून ठेवलेला माणूस

शेळ्यांच्या बाजारात दलाली करून मी पहिली गाडी घेतली. मग तीन केल्या. कुणी हातात आणून दिलं नाही. मूकबधिर मुलांच्या शाळेची ने-आण मिळाली, तीही भांडूनच.

करारावर सही घेताना शाळेच्या सचिवांनी बजावलं होतं, चालक असो की मुलांना चढवणारा-उतरवणारा मदतनीस, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा. त्याशिवाय मुलांजवळ माणूस ठेवायचा नाही.

मी म्हणालो, "सर, शाळा सोमवारी सुरू. तवर पोरं काय चालत येणार?"

त्यांनी पंधरा दिवस दिले. मी दोन महिने मागितले. शेवटी महिन्यावर जमलं. तो संपल्यावर आवाज चढवून आणखी एक महिना मिळवला. सौदा मारल्याचा आनंद मला तेव्हा झाला होता.

बिनचौकशीचा माणूस मी ठेवला नव्हता. आमच्याकडे सोयरीक असो, सालगडी असो की भाडेकरू, पहिला प्रश्न एकच: पाहुणे कुठले? मदतनीस जळकोटकडचा, चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं आजोळ सांगितलं, बहीण कुठं दिली ते सांगितलं. बहिणीचा दीर अणदूरचा, माझ्या बाजारातल्या ओळखीचा निघाला. मी जागेवरच फोन लावला.

"माणूस कसाय?"

"आवं, आमचं पाव्हणंच हाय की. घर लई चांगलं. बिनघोर ठिवा."

मी माणसाचं विचारलं, त्यानं घराचं सांगितलं. बाजारात शब्दाशब्दाला अडवणारा मी तेवढ्यावर गप्प बसलो. पडताळणीचा अर्ज गाडीच्या कप्प्यात पडून राहिला.

तेर गावाच्या अलीकडं एका वस्तीवरून आठ वर्षांची मुलगी गाडीत बसायची. दीड वर्षात शाळेनं तिला हातांची भाषा शिकवली होती. आई कौतुकानं सांगायची, "आता शेजारणीची चुगली बी हातानं करती."

वाढवून घेतलेला महिना संपत आला होता. एके दिवशी चालक रजेवर होता म्हणून गाडी मीच चालवत होतो. वस्तीवर थांबलो, तर मुलगी चढेना. आईनं उचललं, तर ती आईलाच चावली. झटापटीत तिचा पायमोजा खाली सरकला. पोटरीवर वळ होते. काही ताजे, काही काळे पडलेले. आईनं खुणेनं विचारलं. मुलीनं मदतनिसाकडं बोट केलं, मग सीटकडं. सीटखाली मला रबरी नळीचा हातभर तुकडा सापडला.

मी त्याला कॉलर धरून खाली ओढला आणि त्याच नळीनं झोडपला. आई मध्ये आली. "पोरीसमोर नगा!" ती माझ्यावर ओरडली.

पोलिसांत तक्रार झाली. तपासात आणखी तीन मुलांचे वळ निघाले. यातल्या एकालाही ओरडून सांगता येत नव्हतं, मदतनिसाला ते पुरतं ठाऊक होतं. सोलापूरकडच्या एका वसतिगृहातूनही त्याला मारहाणीसाठीच काढलं होतं. तिथं गुन्हा नोंद होता. कप्प्यातला अर्ज दिला असता, तर कळलं असतं.

अणदूरच्या ओळखीच्याला मी बाजारात गाठलं. "तुला म्हाईत होतं?"

"व्हय. पन कुनाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? वाटलं, सुधारला आसंल."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

शाळेच्या बैठकीत सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही दाखला मागितला होता." खरं होतं. पण मुदतवाढीच्या दोन्ही कागदांवर त्यांची सही होती, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मी ते कागद टेबलावर आपटले. कुणी हात लावला नाही. माझा करार गेला. त्यांची खुर्ची आहे तिथंच आहे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नव्या ठेकेदाराची गाडी त्या वस्तीपर्यंत जात नाही. मुलगी घरी बसली. मी तिच्या आईकडं गेलो.

"ताई, माझ्या स्वतःच्या गाडीतनं रोज सोडतो, आणतो. तिची शाळा बुडवू नका."

"आदी तुमचा कागद आना."

"माझा? मला सगळा बाजार वळखतो!"

"त्येला बी वळखतच हुते की."

तणतणतच निघालो. पण या वेळी अर्ज केला, पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहिलो. कागद आला, त्यावर शेरा होता. काही वर्षांपूर्वी बाजारात एका व्यापाऱ्याचं डोकं मी काठीनं फोडलं होतं. खटला अजून चालू आहे. मी त्याला भांडण समजत आलो. कागदावर तो गुन्हा होता.

तसाच घेऊन गेलो. आईनं अक्षर अक्षर लावून वाचला. मुलगी उंबऱ्यात बसली होती.

"काठीनं मारलं?"

"आदी त्यानं शिवी दिली, ताई."

"त्या दिशी बी हिच्यासमोर मारलंत."

मी उंबऱ्यातल्या मुलीकडं पाहिलं.

"दादा, तुमी वाईट हाव आसं मी म्हनत न्हाय. पन गाडीत न्हाय बसवायची."

"आठ दिवस तर बघा. तुमी सोबत बसा. बरं, चार दिवस."

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि मुलीला आत नेलं.

परवा ती बाजारात दिसली. मी मुलीचं विचारलं. म्हणाली, "आता हात बी लई हालवत न्हाय. घरात तिला जबाब द्यायला कुनाला येतंय?"