आतून कोरं कार्ड

"मॅडम, यात आई कुठाय?" शेठनी माझी डमी उलटसुलट करून पाहिली. डमी म्हणजे छपाईआधी हाताने केलेलं नमुन्याचं कार्ड. माझ्या डमीवर नऊवारीतली बाई पापड वाळत घालत होती. शेठना हवी होती टोपीवाली, गुलाबांत बसलेली.

"हीच आई, शेठ. ती फॉरेनची."

"मदर्स डेपण फॉरेनचाच आहे ना!"

ऐंशीच्या दशकातली, अंधेरीच्या एका ग्रीटिंग कार्ड कंपनीतली ही गोष्ट. मी आर्टिस्ट, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. कार्ड जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर मुलुंडला घरी बसायचं. शेठना परदेशी मासिकाचं एक कात्रण मिळालं होतं. अमेरिकेतल्या एका बाईने आपल्या आईच्या आठवणीसाठी हा दिवस सुरू केला, मे महिन्याचा दुसरा रविवार. आता म्हणे लोक कार्डांवर तुटून पडतात.

"शेठ, मेमध्ये इथल्या निम्म्या आया कोकणात असतात."

"मग झकास! मुलगा इथे, आई तिथे. कार्ड पोस्टाने जाईल."

मी कामाला लागले. आई वाचणार म्हणून आतला मजकूर मराठीत केला, 'आई, माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे.' पॅकिंगच्या पाटकरांना दाखवला. पाटकर मालवणचे, राहायला चारकोपला. वाचून घाबरलेच.

"ह्यां आवशीक धाडलंय तर ती रडत पयल्या येष्टीन हंय येतली. झिलाक काय झालां म्हणान!"

खरंच होतं, मुलाला काहीतरी झालं म्हणून आई धावतच आली असती. आपल्याकडे असं कोण बोलतं? दुसरा मजकूर सुचेना म्हणून मी कात्रण पुन्हा काढलं. मागच्या बाजूला लेख पुढे चालू होता. तीच बाई पुढे कार्डवाल्यांवर आणि फुलवाल्यांवर भयंकर चिडली होती. आईला चार ओळी लिहायचा ज्यांना आळस, त्यांनीच छापील कार्डं घ्यावीत, असं तिचं म्हणणं. शेठनी ही बाजू वाचलीच नव्हती.

गेली नोकरी, असं मनाशी म्हणत मी ती त्यांच्यापुढे ठेवली. शेठ खूश.

"बाई बरोबर बोलते! मग लिहायला जागा देऊ ना. आत कोरं सोडा, बाहेर तुमची पापडवालीच राहू दे. टाइपसेटिंगचा खर्चपण वाचला."

ज्या धंद्यावर बाई चिडली, त्याच धंद्याने तिचा राग पॅक करून विकायला काढला. पापडवाली बऱ्यापैकी खपली. पाटकरांनीही एक धाडलं. आत लिहिलं, 'मी बरो आसंय. आंबे धाड.' माझी नोकरी पक्की झाली.

मदर्स डेच्या रविवारी आईसाठी एक कार्ड घरी आणलं. पेन घेऊन तासभर बसले. दिवसभर जिच्याशी तोंड चालू असतं, तिला लिहायला एक ओळ सुचेना. शेवटी तसंच दिलं. आईला पापडवाली फार आवडली. मग तिने कार्ड उघडलं.

"आत छापायचं राहिलं का गं?"

"हो," मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली.

कोरी जागा विकणाऱ्याने आधी ती स्वतः भरून पाहावी.