पौषातला धुळीचा रविवार

आम्हा दहिवलीच्या बायकांत किस्से साठायला वेळ लागत नाही. व्रत एकच, पण प्रत्येकीचं शास्त्र वेगळं! पौषातल्या रविवारी आम्ही चौघी माझ्या गच्चीवर सूर्याला अर्घ्य देतो, मगच तोंडात पाणी घेतो. त्या रविवारी मात्र सूर्यच दिसेना. आभाळ पिठासारखं, आणि तुळशीच्या पानापानावर पांढरी धूळ.

*

नंदाकाकू म्हणाल्या, ही मोहोपाड्याच्या कारखान्यांची. सुशीला म्हणाली, शेलूच्या नव्या बिल्डिंगांची. दोघींचे हात जोडलेलेच होते, म्हणून भांडण फार वाढलं नाही.

*

तेवढ्यात सुशीलाला सूर्य दिसला. तिने मंत्र म्हणत तांब्याभर पाणी सोडलंसुद्धा. काकूंनी पदराने चष्मा पुसून नीट पाहिलं.

"सुशे, तो रस्त्यावरचा दिवा हाय गं. बंद करायचा ऱ्हायलाय."

"असू दे काकू. उजेड तर देतोय ना!"

*

मग काकूंच्या सुनेने, प्राचीने, मोबाईलवर उपग्रहाने काढलेला फोटो दाखवला. निळ्या समुद्रावर लांबच लांब खाकी पट्टा, ओल्या हाताने रांगोळी फिसकटावी तसा. वाळवंटातलं वादळ समुद्र ओलांडून आपल्याकडे आलंय, म्हणाली. सुशीलाने तुळस पुसायचं फडकं खाली ठेवलं. एवढ्या लांबून आलेल्याला लगेच कसं झटकायचं!

आमच्यातल्या चौथीने, मंदाने, मात्र मोबाईल प्राचीच्या हातातून घेतला. तिचा मुलगा अमोल त्याच समुद्रात मालवाहू जहाजावर, आणि कालपासून त्याचा फोन लागत नव्हता. तिने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

"यात जहाज दिसत नाय का गं?"

"इतक्या वरून नाही दिसत, मावशी."

मी म्हटलं, मंदा, त्याच्याही वर जो बसलाय, त्याला दिसतं.

*

सूर्य झाकलेला असला तरी पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य चालतं, असं ठरवून आम्ही तिघींनी दुपारी खीर खाल्ली. मंदा पाण्यालाही शिवली नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही, म्हणाली.

उन्हं उतरायच्या सुमारास तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, अमोलचा! जहाज वादळातून बाहेर आलं होतं. आई सकाळपासून कोरडी बसलीय, हे प्राचीने त्याला सांगून टाकलं. तसा तो धावत डेकवर गेला आणि त्याने मोबाईल आभाळाकडे केला. लख्ख सूर्य.

"आई, दे अर्घ्य. सोड उपास."

मंदाने तांब्या उचलला.

"तो ऱ्हाऊ दे रं. फोन तुझ्याकडं फिरव."

त्याने फिरवला. तिने डोळे भरून पाहिलं, आणि मग ताम्हनात पाणी सोडलं.