घर झाडल्यासारखं

मला फार काळ राग धरता येत नाही, असं आमच्या घरात समजतात. चहा उकळेपर्यंत माझा राग निवतो म्हणे. महामारीच्या पहिल्या वर्षी मी एक राग सात महिने धरला, रोज थोडं तेल घालून तेवत ठेवला, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगते.

युट्रेख्टजवळच्या आमच्या गावात कर्लिंगचा क्लब आहे. बर्फावरून जवळपास वीस किलोचा गुळगुळीत दगड घसरवत सोडायचा, तो पलीकडे आखलेल्या गोलाच्या मधोमध थांबला पाहिजे. दगड निघाला की त्याच्यापुढे दोघं जण ब्रशनं बर्फ घासत पळतात. घासाल तितका तो लांब जातो. मुलगी एनस्खेडेला शिकायला गेली, घर रिकामं झालं, आणि सुपरमार्केटमधली जाहिरात बघून मी नाव घातलं. पंचवीस वर्षं केर काढलाय, यात काय अवघड!

आमची कप्तान म्हणजे एके काळची राष्ट्रीय चॅम्पियन. तिची कारकीर्द मला पाठ होती, कारण दर आठवड्याला कॉफीबरोबर ती मिळायचीच. अख्खा देश स्केटिंगच्या मागे असताना ही बारा वर्षांची मुलगी दर शनिवारी दोन गाड्या बदलून हॉलवर जायची. चार वेळा देशात पहिली आली. युरोपातल्या एका स्पर्धेत इतक्या थोडक्यात हरली, की साठीतही ते अंतर दोन बोटांत धरून दाखवायची. मग गुडघा गेला. मला ती देवीच वाटायची. मी तिच्यासाठी चकल्यासुद्धा न्यायचे.

मार्चमध्ये आम्ही एक सामना हरलो. सगळ्यांसमोर, कॉफी ढवळत ती मला म्हणाली, "तू घर झाडल्यासारखं झाडतेस. पुढच्या वेळी मी दुसऱ्या कुणाला घेते." आणि चकल्यांचा डबा पुढे ओढून, "या मात्र छान झाल्यात."

सायकलवरून घरी येताना मी रडले. वारा समोरून होता, त्यामुळे सगळे अश्रू कानात गेले.

"अगं, इथली माणसं तोंडावर बोलतात," नवरा म्हणाला. "ती बोलून मोकळी झाली. तूही हो."

"मी नाही होणार. मी तिला हरवणार. मग ती मला परत बोलावेल, आणि तेव्हा मी तिला तोंडावर 'नाही' म्हणणार. डचमध्ये."

"तुझ्या डचमध्ये?"

"तेवढं पाठ करीन."

पुढच्याच आठवड्यात देश बंद झाला. हॉलला कुलूप, मुलगी घरी. मी ब्रश घेऊन स्वयंपाकघरातल्या लॅमिनेटवर सराव सुरू केला आणि मुलीला व्हिडिओ काढायला सांगितला. बघते तर काय, बाई खरं बोलली होती! मी कमरेत वाकून, मनगटानं, हलक्या हातानं न दिसणारा केर बाजूला लोटत होते.

"आई, देअर इज नो कचरा," मुलगी म्हणाली.

कप्तान खरं बोलली होती हे कळल्यावर तर राग दुप्पट झाला.

उपाय सापडला तो दूध करपलेल्या पातेल्यात. सगळं वजन खांद्यातून हातात आणायचं आणि दाबून घासायचं. मी जमीन तशी घासू लागले. समोर कप्तानबाईंचा चेहरा आणला की वेगळा व्यायाम लागत नसे. ओट्यापासून फ्रिजपर्यंत लॅमिनेटवर पांढरट पट्टा पडला. नवऱ्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मागून खसाखसा आवाज यायचा. "शेजारी काम चाललंय," तो सांगायचा.

सप्टेंबरात हॉल उघडला, आणि नशीब बघा! अंतर राखायचं म्हणून एका वेळी एकानंच घासायचं, असा नियम निघाला. दोघांचं काम एकटीनं करणारी बाई कुणाकडे होती? कप्तानबाईंनी वेळोवेळी काढून टाकलेल्या आम्हा चौघांच्या टीमकडे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या टीमशी आमचा सामना शेवटच्या दगडापर्यंत बरोबरीत चालला. तो दगड आमचा होता. सुटला तेव्हाच दिसलं, जोर कमी आहे. मी घासत सुटले. खांदे पेटले, चष्म्यावर वाफ आली. दगड गोलात शिरला आणि माझ्या ब्रशचा त्याला निसटता स्पर्श झाला. फक्त मला कळला. दगड मधोमध जाऊन थांबला. आमची टीम ओरडायला लागली.

आमच्या सामन्यांना पंच नसतो. ब्रश लागला तर ज्याचा लागला त्यानंच सांगायचं. मग दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरचा कप्तान ठरवतो. म्हणजे तीच.

मी दोन सेकंद गप्प राहिले. फार सुंदर होते ते दोन सेकंद. मग वाटलं, असा घेतलेला सूड मला आयुष्यभर शिळाच लागणार.

"माझा ब्रश लागला," मी म्हटलं. आमच्या टीमनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता इथूनही नारळ मिळणार.

ती गुडघा सांभाळत आली, वाकून दगड पाहिला. "राहू दे. तसाही इथेच आला असता. चांगलं घासलंस."

म्हणजे मी जिंकले, तेही तिच्या कृपेनं! इतका संताप मला मार्चमध्येही आला नव्हता.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काहीतरी प्यायला द्यायचं, अशी या खेळाची रीत. कॅन्टीन बंद होतं, म्हणून बाहेर सायकलींपाशी मी थर्मासमधला आल्याचा चहा ओतला. हो, जिंकणारच म्हणून घरून आणला होता. तिनं हात लांब करून कप घेतला.

"माझ्या टीममध्ये परत ये," ती म्हणाली.

अखेर! सात महिने पाठ केलेलं वाक्य मी खणखणीत डचमध्ये म्हटलं, "नाही. तुझे दगड हल्ली कमी पडतात. मी दुसऱ्यांबरोबर खेळते."

आणि तिचा चेहरा पडायची वाट पाहत उभी राहिले. तिनं एक घोट घेतला, विचार केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "गुडघ्यामुळे जोर येत नाही. तुला कितव्या डावापासून जाणवलं?"

"चौथ्या," मी म्हटलं. पुढचा अर्धा तास आम्ही तिच्या गुडघ्यावर बोलत होतो.

"मग, घेतलास सूड?" घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं.

"घेतला. पण तिला लागलाच नाही."

ऑक्टोबरच्या मध्यावर खेळ पुन्हा बंद झाले. दिवाळीत चकल्या केल्या. कप्तानबाईंच्या वाट्याचा एक डबा पिशवीत घालून सायकल मुद्दाम तिच्या घरावरून नेली. खिडकीतून तिनं हात हलवला, मीही हलवला, आणि डबा होता तसा घरी परत आणला.