कोंबड्याखालचं नाव

दोघांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने शाळेतला निबंध वाचून दाखवला. 'माझी आजी आजारी मुलांसाठी घरी बसून काम करते. ती मनाने मऊ आहे आणि कोणाशी भांडत नाही.' तुमच्या आईने टाळ्या वाजवल्या. मला मात्र खोटं प्रशस्तिपत्रक घरात ठेवायची सवय नाही, म्हणून खरं काय ते लिहून पाठवते. शब्द अडले तर आईला विचारा.

उपचारांसाठी बाहेरगावहून येणाऱ्या मुलांसाठी परळमधली एक संस्था खेळघर चालवते. तिचं चार पानी मासिक पत्रक मी गिरगावातल्या घरून लावते, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर मांडते. फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत मी पूर्वी कात्री आणि रबर सोल्युशन घेऊन, कापून-चिकटवून पानं लावायचे. निवृत्त झाल्यावर तेच कॉम्प्युटरवर शिकले. गुडघ्यांमुळे परळला जाणं होत नाही. चित्रं ईमेलने येतात, बाकीचं बोलणं फोनवर. माझी एकच पद्धत होती. प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव लावायचं, टाइप केलेलं नाही.

मग नव्या सेक्रेटरीबाई आल्या. राहायला प्रभादेवीला, बोलायला गोड.

"आजी, ती वेडीवाकडी अक्षरं काढून टाका ना. डोनर्सना क्लीन लुक हवा असतो."

"ती अक्षरं नाहीत, मुलांची नावं आहेत," मी म्हटलं.

"तेच ते."

मी नावं काढली नाहीत. त्यांनी प्रेसमध्ये सांगून परस्पर कापली. त्या महिन्यात कणकवलीकडच्या एका सहा वर्षांच्या मुलीचा कोंबडा पहिल्या पानावर होता. त्याच्या पायाखाली तिचं नाव होतं, तिने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण लिहिलेलं. तिथे एका कंपनीचं बोधचिन्ह छापून आलं. खेळघरातून नंबर घेऊन तिच्या आईने मला फोन केला.

"ताई, माझा चेडू इचारता, कोंबडो माझो आसा ह्या लोकांका कसा कळतला?"

फोन ठेवल्यावर मी कपाटातले कपडे दोनदा काढून त्यांच्या घड्या घातल्या. राग आला की मी घड्या घालते, हे तुमच्या आजोबांना माहीत होतं.

वार्षिक अंकाचं काम आलं. या वेळी मी प्रत्येक नाव चित्रातच मिसळून टाकलं, एकच प्रतिमा करून. कोंबडाही पुन्हा घेतला. नाव कापायचं तर पायही कापावे लागले असते. आठवड्याने बाईंचा फोन आला.

"आजी, ओपन फाइल पाठवा. फायनल माझी भाची करणार आहे. 'मांडणी' म्हणून तिचं नाव टाका, तिला पोर्टफोलिओला उपयोग होईल. तुम्हाला काय आता नावाचं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आमचे जुने मराठी फॉण्ट ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरपुरते असतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉण्ट नसेल, तर मजकूर भलत्याच मराठी फॉण्टमध्ये उघडतो. दिसतं मराठीच, पण एकही शब्द वाचता येत नाही. म्हणून प्रेसला पाठवण्याआधी मी सगळ्या अक्षरांची चित्रं करून टाकत असे; ओपन, म्हणजे बदल करता येणाऱ्या फाइलमध्ये मात्र अक्षरं तशीच राहतात. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. भाची इंग्रजी शाळेतली, तिला मराठी वाचता येत नाही, आणि बाई छापण्याआधी फक्त लुक बघतात, हेही मला ठाऊक होतं.

"अजून काही लागेल का याच्याबरोबर?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही मागितलं ते सगळं त्यात आहे."

फॉण्ट मी पाठवला नाही. जाणूनबुजून.

प्रकाशन दादरच्या एका हॉलमध्ये होतं. गुडघे विसरून मी टॅक्सीने गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. मला तिथे चेहऱ्याने कोणीच ओळखत नव्हतं. पाहुण्यांनी अंक उघडला, पान उलटलं, पुन्हा मागे गेले.

माझ्या पुढच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं, हे मोडीत छापलंय का?"

"मोडी कसली. मला वाटलं माझाच चष्मा गेला."

अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांचे आभार, सेक्रेटरीबाईंचं नाव, भाचीचं नाव, सगळं अगम्य. पहिल्या रांगेतल्या मुलांना मात्र काही अडचण नव्हती. ती चित्रांवर बोट ठेवून एकमेकांची नावं मोठ्याने वाचत होती. अख्ख्या अंकात तेवढंच वाचता येत होतं. बाई स्टेजवर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी निवांत पाहिला. बटाटेवडा संपवूनच निघाले.

दुसऱ्या दिवशी फोन.

"आजी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाही? संस्थेचं नुकसान झालं."

"झालं. कोंबड्याखालचं नाव कापताना तुम्ही मला विचारलं होतं?"

अंक पुन्हा छापायचा होता आणि तो दुरुस्त करू शकणारी मी एकटी होते. मी अट घातली: यापुढे मुलांच्या हातचं नाव कोणीही काढायचं नाही, आणि हे समितीच्या लेखी ठरावात यायला हवं. ठराव हातात आल्यावर मी फाइल पाठवली. नुकसान संस्थेचं, म्हणजे शेवटी मुलांचंच झालं, हे मला कळतं. वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, हेही लिहून ठेवते. भाचीला मात्र मी नंतर फॉण्टची ती मेख समजावून सांगितली; तिचा काही दोष नव्हता.

बाई आता मला आजी म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. पत्रक अजून मीच लावते. बिघडलेल्या अंकाची एक प्रत माझ्या कपाटात आहे आणि दुसरी मी कणकवलीला पाठवली. दोन्हींत कोंबड्याखालचं नाव वाचता येतं.