मुलांच्या शाळेतलं सहावं दार

“सर, शून्य घेत नाय,” किरण म्हणाला.

किरण आमच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागातला कॉम्प्युटर ऑपरेटर. स्क्रीनवर एका शाळेचा मान्यता नूतनीकरणाचा फॉर्म उघडा होता. ‘मुलींसाठी स्वच्छतागृहे’ या रकान्यात त्याने शून्य टाकलं, की रकाना लाल व्हायचा आणि फॉर्म सेव्ह व्हायचा नाही.

“रिकामा सोड.”

“तेही घेत नाय.”

शाळा मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यावर, फक्त मुलांची. कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संस्थेने चालवलेली. नावाच्या सुरुवातीला एका संताचं नाव आहे. ते सांगत नाही, उगाच संतांना त्यात ओढायला नको. शाळेत कॅथलिक मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी आसपासच्या शेतकरी घरांतली. शाळा अनुदान घेत नाही. म्हणजे सरकार तिथे पगार देत नाही, तपासणी मात्र करतं. ती तपासणी करणारा मी, शिक्षण विस्तार अधिकारी. विस्तार नेमका कशाचा, हे मला नोकरीभर कळलं नाही.

मान्यता दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. त्या वर्षी ती पहिल्यांदाच ऑनलाइन होती. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि तो मंगळवार होता. मान्यता अडकली तर दहावीच्या एकेचाळीस मुलांचे बोर्डाचे फॉर्म शाळेच्या नावाने जाणार नव्हते. त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

मी जिल्हा कार्यालयाला फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लेखी मार्गदर्शन मागवा.”

मागवलं. उत्तर आश्चर्यकारक वेगाने दुसऱ्याच दिवशी आलं: ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी.’ हे वाक्य मीही अनेकांना पाठवलेलं असल्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

बुधवारी दुपारी शाळेत गेलो. मुख्याध्यापक फादर बेंजामिन मूळचे वसईचे. साठीचे, उंच, गणित शिकवणारे. मराठी माझ्यापेक्षा चांगली. त्यांच्या शाळेत मुलं बूट पॉलिश करून येतात आणि खोटं बोलताना निदान अडखळतात. तालुक्याच्या मानाने ही मोठी कमाई होती.

मी अडचण सांगितली.

“पण ही मुलांची शाळा आहे,” फादर म्हणाले.

“हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. पोर्टलला माहीत नाही.”

“मग मुली आणू कुठून?”

“मुली नकोत. दार पाहिजे.” मी माझा तोडगा सांगितला. शाळेच्या मागे सहा संडासांची ओळ होती. शेवटचं दार जरा बाजूला, व्हरांड्याच्या टोकाशी. त्यावर ‘मुली’ असं रंगवायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा. मग थिनरने पुसून टाकायचं.

“म्हणजे खोटं.”

“खोटं नाही फादर. तात्पुरतं.”

ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर मुलांची कवायत चालली होती. मग म्हणाले, “एकेचाळीस मुलं आहेत. रंगवा. पण ते पाप तुमच्या नावावर.”

“माझ्या खात्यात जागा आहे,” मी म्हटलं.

वाळकूमामा शाळेचा शिपाई, माळी आणि पेंटर. त्याने निळ्या ऑइल पेंटने सुबक अक्षरांत ‘मुली’ लिहिलं आणि मागे सरून बघितलं. आयुष्यात काही चांगलं लिहायला मिळालं, असा चेहरा.

फादरही येऊन बाजूला उभे होते. मी मोबाइल काढला. तेवढ्यात घुडे मॅडम तिथे आल्या. विज्ञान शिकवणाऱ्या. रोज किन्हवलीहून सकाळी सहाच्या एसटीने निघायच्या. त्यांच्या मागे मराठीच्या तरुण बाई, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. पूर्वी इथे सगळे पुरुषच शिकवायचे. अलीकडे अनुदान नसलेल्या शाळेत पुरुष टिकत नाहीत, म्हणून या दोघी आल्या होत्या.

“सर, हे कशाला?” घुडे मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं. फोटो झाला की पुसणार, हेही सांगितलं.

“पुसू नका.”

“का?”

त्यांनी फादरांकडे बघितलं, मग जमिनीकडे. मराठीच्या बाईंनी पदर सारखा केला. शेवटी वाळकूमामाच बोलला.

“समोरच्या म्हातारीकडं जातात त्या, रस्ता वलांडून. सगल्या गावाला म्हाईत हाय. तुमालाच नाय म्हाईत.”

फादरांना समजायला थोडा वेळ लागला. मलाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“किती वर्षं?”

“मला सात झाली, फादर,” घुडे मॅडम म्हणाल्या. “म्हातारी चांगली आहे. पण कधी कुलूप लावून शेतावर जाते. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. घरी गेल्यावर पिते.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगणार? तुम्ही फादर.”

“मी गेल्या वर्षी नोटीस लावली,” फादर माझ्याकडे वळून म्हणाले. “मधल्या सुट्टीत शिक्षकांनी आवार सोडू नये. मला वाटायचं, या दोघी भजी खायला जातात.”

“आम्ही सही केली त्या नोटिशीवर,” मराठीच्या बाई म्हणाल्या. “आणि गेलो.”

फादर हसले नाहीत. मीही नाही. मी या शाळेची तपासणी तीन वेळा केली होती. छापील नमुन्यात तोच रकाना होता आणि तिन्ही वेळा मी त्यात ‘लागू नाही’ लिहिलं होतं, अगदी वळणदार अक्षरात.

मी मोबाइल वर केला. “निदान फोटो तरी घेऊ.”

“थांबा,” फादर म्हणाले. त्यांनी दार ढकललं. आतून कडी नव्हती. नळ होता, पाणी नव्हतं. वरच्या झरोक्याला काच नव्हती. “याचा फोटो नाही जाणार.”

“फादर, मुदत परवाची आहे.”

“परवा म्हणजे दोन दिवस आहेत.”

धसईहून गवंडी आणि प्लंबर आले. ते वेळेवर आले, हे सांगितलं तर तालुक्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. फादर स्वतः बाजूला उभे. कडी बसली, नळाला पाणी आलं, झरोक्याला जाळी लागली. पर्स अडकवायला खुंटी हवी, झाकणाची बादली हवी, हे घुडे मॅडमनी सांगितलं. आणखी काय, असं फादर विचारत राहिले. सात वर्षांची यादी होती, ती काही दोन मिनिटांत संपली नाही.

वाळकूने विचारलं, “मुली पुसून बाया लिवू का?”

“राहू दे,” घुडे मॅडम म्हणाल्या. “आम्हाला मुली म्हणणारं तसंही कुणी उरलं नाही.”

शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी फोटो गेला. किरणने रकान्यात ‘एक’ टाकला. रकाना हिरवा झाला. त्याच्या खालचा रकाना ‘मुलींची एकूण संख्या’ हा होता. तिथे शून्य टाकलं, ते पोर्टलने निमूटपणे घेतलं.

मान्यता आली. एकेचाळीस मुलांचे फॉर्म शाळेच्या नावाने गेले. फादरांनी नोटीस काढून टाकली आणि पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये दोन्ही शिक्षिकांची सगळ्यांसमोर माफी मागितली. तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढ्या मुख्याध्यापकांचे सत्कार पाहिले. माफी मागताना एकच ऐकला. पालकसभेला मात्र नवीनच अडचण झाली. लांबून आलेल्या आयांची त्या एका दारापाशी रांग लागली आणि सभा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मग दुसरं दार बांधायला घेतलं. ते कुठल्याही पोर्टलने सांगितलं नव्हतं.

मी पुढे दोन वर्षांनी निवृत्त झालो. या खात्यात नव्याने आलेल्यांना एवढंच सांगतो, की तपासणीला गेल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा मिळतो. तो घ्यावा. मग उठून स्टाफरूममध्ये जावं, आणि शिपायाशी बोलल्याशिवाय सही करू नये.