मांडीवर घार घेऊन खडकीला

संस्थेच्या ग्रुपवर गुरुवारी संध्याकाळी निरोप आला. शनिवारी एक घार केंद्रातून खडकीला पोचवायची आहे, गाडी दुसऱ्या कामात अडकली आहे, कोण जाईल? बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. केंद्र हिंजवडीच्याही पुढे आहे आणि मी राहते हडपसरला, शहराच्या अगदी उलट्या टोकाला. तरी मी ‘जाते’ असं लिहिलं. उत्साह वगैरे नव्हता. तो निरोप तसाच पडून राहिलेला बघवेना.

जखमी प्राणी-पक्षी आणायचे, बरे करायचे आणि जिथून आणले तिथेच नेऊन सोडायचे, हे या संस्थेचं काम. शेवटचा भाग लोकांना हट्टीपणा वाटतो. एवढा डोंगर शेजारी आहे, तिथे सोडा की, असं म्हणतात. पण घारीचं झाड ठरलेलं असतं, जोडीदार ठरलेला असतो. ही घार खडकीतल्या एका निलगिरीवर राहायची. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांज्यात पंख अडकून ती लोंबकळत होती. समोरच्या इमारतीतल्या साळवीकाकांनी कोणाकोणाला बोलावून तिला उतरवलं.

त्यानंतर काकांनी तिला दोन दिवस मोरीत ठेवलं आणि दहीभात भरवला. घरात मांसाहार नाही, आणि आजाऱ्याला दहीभात देतात एवढं त्यांना माहीत होतं. केंद्रात आली तेव्हा ती जखमेपेक्षा भुकेने जास्त खंगली होती. डॉक्टरांनी फोनवर काकांना बरंच सुनावलं. तेव्हापासून दर सकाळी काकांचा फोन यायचा: खाल्लं का, पंख हलवला का, कधी आणताय.

कोणाला असा प्रवास करायचा असेल तर उजाडताच निघा. हडपसरहून मनपा स्थानकाची बस, तिथून हिंजवडीची. शनिवारी कंपन्यांच्या बस कमी असतात एवढीच सवलत. वाकडच्या पुलाखाली बस थांबली ती थांबलीच. शेजारचा मुलगा लॅपटॉप उघडून मीटिंगला बसला आणि ‘हो, मी पोचलोच आहे’ म्हणाला. कोणी हसलं नाही. सगळेच कुठे ना कुठे पोचलेले होते.

शेवटच्या थांब्यापासून केंद्रापर्यंत शेअर रिक्षा मिळते, भरली की सुटते. आजूबाजूला उंच इमारती, मध्येच भाताची खाचरं, त्यांच्या बांधावर फ्लॅटच्या जाहिराती. केंद्र म्हणजे पत्र्याच्या चार शेड आणि फिनेलचा वास. तीन पायांचा कुत्रा दारापर्यंत येतो, वास घेतो, परत जातो. इथे गोंडस फोटो काढायला येऊ नका. बहुतेक प्राणी तुमच्याकडे बघतही नाहीत.

डॉक्टर माझ्याहून खूप लहान आहेत आणि माझ्याहून दमलेल्या दिसतात. त्यांनी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं, वर जुनी चादर टाकली. वाटेत बोलायचं नाही, उघडून बघायचं नाही. दुपारी सोडायची, कारण ऊन तापलं की हवा वर चढते आणि पंख कमी मारावे लागतात. त्याआधी झाड नीट तपासायचं.

“शक्यतो आजच सोडा,” त्या म्हणाल्या. “वीण चालू आहे, जोडीदार किती थांबेल सांगता येत नाही. शिवाय पिंजऱ्यात अजून राहिली तर पंख ढिले पडतील. आणि दहीभातवाल्या काकांना माझा नमस्कार.”

अ‍ॅपवरच्या दोन गाड्यांनी नकार दिला. मग एक रिक्षा थांबली.

“आत काय आहे?”

“घार.”

“जिवंत?”

“हो.”

“मग मीटरवर नाही परवडणार.”

मेलेली असती तर परवडली असती का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून मीटर टाकला. पुढे औंधपर्यंत त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, पुण्यात हे लिहून ठेवण्यासारखं आहे. खोक्यातून आवाज येत नव्हता. मधूनच नखं पुठ्ठ्यावर घासली जायची. ते ऐकू येण्याआधी मांडीला कळायचं.

खडकी बाजारात सकाळी बेकरीतला गरम पाव मिळतो. मी पोचले तेव्हा तो संपला होता.

साळवीकाका जिन्याच्या खाली उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. त्यांनी खोक्याला हात लावला नाही. नमस्कार पोचवला तेव्हा “बरं” म्हणाले आणि माझ्या पुढे गच्चीवर चढले.

निलगिरी गच्चीच्याही वर जाते. शेंड्याच्या जरा खाली काटक्यांचं घरटं, आणि बाजूच्या फांदीवर एक घार बसलेली. हिचा जोडीदार. रोज येतो, काका म्हणाले, सकाळी काटकी आणतो, ठेवतो, बसून राहतो. झाडावरचे जुने दोरे त्यांनी बांबूला आकडा बांधून काढले होते, बांबू पोचेना तिथे झाडं छाटणाऱ्या माणसाला चढवलं होतं. दोऱ्यांचा गुंता त्यांनी डब्यात भरून ठेवला होता. मला दाखवला. मी बघितला.

मी खोकं सावलीत ठेवलं. काकांनी डोळ्यांना जुनी दुर्बीण लावली आणि झाड खालून वर बघायला सुरुवात केली. एकेक फांदी. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा. ऊन डोक्यावर आलं होतं. मला पाणी हवं होतं, पण मागावंसं वाटेना. चादरीखाली पंख एकदा आपटला. वर बसलेल्या घारीने मान वळवली, किंवा मला तसं वाटलं.

“हा काल नव्हता,” काका म्हणाले.

मी दुर्बीण घेतली. खूप वेळाने दिसला. हिरवा दोरा, घरटं आणि शेंडा यांच्या मधोमध, एका टोकाला अडकलेला, वाऱ्याने हलला की चमकणारा. कोणाचा तरी कटलेला पतंग. झाडं छाटणाऱ्याला काकांनी लगेच फोन लावला. तो गावी गेला होता, आठवड्याने येणार होता.

मी काकांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आज नाही तर पंख ढिले पडतील, जोडीदार निघून जाईल. शिवाय परतीचा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता, तोही माझ्या बोलण्यात असणार.

“एक दोरा आहे काका,” मी म्हटलं. “एवढं आकाश आहे.”

“तेव्हाही एवढंच होतं,” ते म्हणाले.

त्यांनी दुर्बीण चामडी कव्हरात घातली, झाकणाचं बटण लावलं. रोज फोन करणारा हाच माणूस. वरच्या घारीकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. “मी पास करत नाही,” ते म्हणाले. “परत घेऊन जा.” आणि मग पहिल्यांदाच खाली वाकून त्यांनी खोक्यावरची घसरलेली चादर सारखी केली.

खाली काकूंनी ताट वाढलं होतं. “यांना तरी दहीभात चालेल,” त्या काकांना म्हणाल्या. काका जेवले नाहीत. मी दोनदा वाढून घेतला.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तोच रस्ता, संध्याकाळचा, म्हणजे दुप्पट. रिक्षावाले दुसरे होते आणि त्यांनी हॉर्न वाजवला. दर वेळी खोक्यात काहीतरी आक्रसायचं. केंद्रात डॉक्टरांनी चादर काढली, घारीचे पंख हाताने उघडून बघितले, वजन केलं.

“कोणी नको म्हटलं?”

“काकांनी.”

त्यांनी वहीत वजन लिहिलं. “बरं केलं,” म्हणाल्या. पुन्हा दहीभाताचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात झाडं छाटणारा माणूस गावाहून आला, त्याने दोरा काढला. घारीला न्यायला पुन्हा विचारणा झाली. मला ताप नव्हता, काही काम नव्हतं. मी कळवलं, जमणार नाही. केंद्राची गाडी गेली. दुपारी मी घरी आडवी पडले होते तेव्हा काकांचा फोन आला.

“सोडली,” ते म्हणाले.

“उडाली?”

“उडाली. झाडावर नाही गेली अजून. पाण्याच्या टाकीवर बसून झाड बघतेय.” जरा थांबून म्हणाले, “बघू दे. घाई नाही.” नर वरच होता, तेही त्यांनी सांगितलं. संध्याकाळी पुन्हा फोन आला. घार घरट्याशेजारी जाऊन बसली होती.

असा एखादा दिवस काढावा का, असं मला काही जणांनी विचारलं आहे. काढा, पण त्याने मन हलकं वगैरे होत नाही. कंबर दुखते. शहर मोठं आहे हे पुन्हा कळतं. आणि बसच्या खिडकीतून आता झाडं नुसती झाडं दिसत नाहीत, शेंडे दिसतात, शेंड्यांत काय अडकलंय ते दिसतं.

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत गेले. आमच्या आवारातल्या गुलमोहरापासून विजेच्या खांबापर्यंत एक दोरा लोंबत होता. मी खाली उतरले आणि वॉचमनना लांब काठी मागितली.

“काय काढायचंय, मॅडम?”

मी बोट दाखवलं.

“तो व्हय,” ते म्हणाले. “तो तर कधीपासनं हाय तिथं.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

ते काठी आणायला गेले.