वन्संची न संपलेली माळ

आमच्या वन्सं घरात बोलत नाहीत, घोषणा करतात. सकाळी मी देवापुढे डोळे मिटून बसले की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "लक्ष द्या! गॅसवरचं दूध उतू जाण्याच्या बेतात आहे. संबंधितांनी प्रार्थना आटोपती घ्यावी!" मी उठते. देवालाही हायसं वाटत असावं, कारण आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो की त्याला जरा शांतता मिळते.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलंच तर म्हणतात, "स्थळं यायची, पण वेळेवर नाही." नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बस स्थानकावरच्या घोषणांच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कोणाचं पोर पाण्याच्या टाकीपाशी भोकाड पसरून बसलंय, सगळं त्या माइकवरून सांगायच्या. आवाज असा खणखणीत की बाकावर झोपलेला माणूस आधी उठून उभा राहायचा आणि मग आपल्याला कुठे जायचंय ते आठवायचा. एकदा वीज जाऊन माइक बंद पडला, तर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दोन घोषणांच्या मधल्या वेळात त्या विणायच्या. पहाटेच्या गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांना थंडीसाठी मफलर करून द्यायच्या. प्रत्येकाचा रंग वेगळा. प्रेम होतंच, पण धुक्यात कोण उशिरा येतोय ते खिडकीतून ओळखता यावं, हाही हेतू होता. मफलर झाला की उरलेली लोकर घरी यायची. मूठभर हिरवी, चिमूटभर जांभळी, बोटाला गुंडाळण्यापुरती लाल. टाकायचं नाव नाही. आधी एक पिशवी होती, मग पेटी झाली, मग पाहुण्यांच्या खोलीतला पलंग गेला. आता पाहुणे आले की लोकरीच्या शेजारी अंग चोरून झोपतात.

मग स्थानकावर यंत्र आलं. कुठल्याशा मुलीचा आवाज त्यात भरलेला, इतका गोड की ऐकता ऐकता डोळा लागावा. वन्संना कोणी आधी सांगितलंही नाही. एका सोमवारी कामावर गेल्या तर माइक खोक्यात, खोकं कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅनेजरसाहेबांच्या खिशात. वन्संची रवानगी मागच्या खोलीत, प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्या सांभाळायला. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा चहासुद्धा कोणी पाजला नाही. "छत्र्यांचा निरोप घेतला आणि आले," असं हसून सांगतात. पण ते सांगताना हातातली सुई जरा जोरात चालते, ते मी बघितलंय.

म्हणून स्थानकाचा सुवर्णमहोत्सव होणार, नवी कोरी बस फीत कापून रवाना होणार, अशी बातमी आली तेव्हा मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. वन्संनी चहाचा कप खाली ठेवला.

"लक्ष द्या. माझ्या खिडकीवर माझ्या हातची माळ लागणार आहे."

ह्यांनी पेपर खाली केला. "ताई, तुला बोलावलंय का?"

"नाही."

"मग?"

"माळेला आमंत्रण लागत नाही."

"अगं, त्यांनी प्लास्टिकची फुलं आणली असतील गाडीभर."

"लावू देत की. छताला लावा, खांबाला लावा, मॅनेजरच्या डोक्याला लावा. खिडकी तेवढी माझी."

एवढं बोलून त्या पलंगाच्या खोलीत गेल्या. देवाला रोज चार ओळी लिहायची माझी एक वही आहे, तिच्यात मी त्या दिवशी लिहिलं, देवा, यांना बाकी काही नको, ती एक खिडकी मिळू दे.

क्रोशाच्या एका सुईवर वन्सं काय वाट्टेल ते करू शकतात. चांदण्या, घंटा, पक्षी, फुगे. अंगठ्याएवढं एकेक, ओळीनं साखळीला लागलेलं. पण त्यांची एक खोड आहे, ती इथे सांगायलाच हवी. क्रोशाचं काम झालं की लोक दोरा कापतात, शेवटच्या टाक्यातून ओढून घेतात आणि गाठ मारतात. तसं केलं की ते उसवत नाही. वन्सं गाठ मारत नाहीत. "गाठ मारली की संपलं. आणि उद्या आणखी लोकर मिळाली म्हणजे?" म्हणून शेवटचा टाका त्या सेफ्टी पिनेला अडकवून ठेवतात आणि लोकरीचा गुंडा तसाच जोडलेला. आमच्या घरात एकही वस्तू संपलेली नाही. टीव्हीवरच्या रुमालाला गुंडा लोंबतो. ह्यांच्या कानटोपीला मागे पिन आहे आणि गुंडा कोटाच्या खिशात. हे बाजारात गेले की लोक वळून बघतात. ह्यांना वाटतं, टोपी शोभतेय.

माळही तशीच, एका दोऱ्यात. एक रंग संपला की दुसरा त्याला जोडायचा, कापाकापी नाही. पहिला नग झाला तो मला दाखवायला आणला.

"ओळख."

मी उलटसुलट करून बघितलं. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. "साबण."

"बस आहे गं ती!"

"मग चाकं कुठायत?"

"पंक्चर काढायला नेलीयेत," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. शेजारणीनेही साबणच म्हटलं. ह्यांनी फार विचार करून ब्रेड म्हटलं, कारण बहिणीला दुखवायचं नव्हतं.

समारंभाच्या सकाळी आम्ही तिघं माळ टोपलीत घालून स्थानकावर पोचलो. सगळीकडे प्लास्टिकची फुलं आणि त्यांना प्लास्टिकचाच वास. घोषणांच्या खिडकीवर मात्र काहीच नव्हतं. तिथे बघतंय कोण! खिडकीसमोरच्या फलाटावर नवी बस उभी, पुढे फीत. मॅनेजरसाहेब लगबगीने आले.

"बाई, हे काय? कोणाला विचारून लावताय?"

वन्संनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "फलाट क्रमांक एकवर विनाकारण गर्दी करू नये."

साहेब दोन पावलं मागे सरकले. सवयच अशी लागलेली. सरकल्यावर त्यांना कळलं की आपण साहेब आहोत, पण तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि ते तिकडे पळाले.

ह्यांना स्टुलावर चढवलं आणि वन्सं नि मी पुढच्या खुर्च्या धरायला गेलो. पुढचं मला नंतर कळलं. ह्यांनी माळेचं एक टोक खिडकीच्या डाव्या खिळ्याला बांधलं, लोकरीच्या बसचं. सगळी माळ झोकात वरून फिरवली आणि दुसरं टोक अडकवायला हात उंच केला, तर पँटचं बटण टण्णकन उडालं आणि फलाटावरून गडगडत गेलं. एका हातात माळ, एका हातात पँट, खाली स्टूल डुगडुगतंय. माणूस करणार काय? समोर माळेच्या टोकाला सेफ्टी पिन. 'एवढ्याशा पिनेचं माळेला काय काम?' असा विचार करून ह्यांनी ती काढली आणि कमरेला लावली. माळ नुसती खिळ्यावर टाकली, गुंडा खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि देवमाणसासारखे आमच्या शेजारी येऊन बसले. फक्त एकदम ताठ.

"लागली का नीट?" वन्संनी विचारलं.

"एकदम पक्की."

माळ खरोखर देखणी दिसत होती. सगळ्या ड्रायव्हरांचे रंग तिच्यात होते. वन्सं काही बोलल्या नाहीत, हे केवढं मोठं ते ज्यांना त्या माहीत आहेत त्यांनाच कळेल.

भाषणं झाली. यंत्रातली मुलगी मधूनच म्हणत होती, "कृपया लक्ष द्या," आणि कोणी देत नव्हतं. कठड्यावरचा गुंडा वाऱ्याने डुलत डुलत कधी घसरला आणि बसच्या मागच्या शिडीत जाऊन कधी बसला, कोणी पाहिलं नाही. पाहुण्यांनी फीत कापली. बस चालवायला वन्संच्या वेळचाच ड्रायव्हर होता. त्याला सगळे तुफान म्हणतात, कारण त्याच्या गाडीला हातगाडीसुद्धा मागे टाकते.

तुफानने बस हलवली आणि माळेतली शेवटची घंटा नाहीशी झाली.

मग तिच्या शेजारची चांदणी. सुर्र. मग पक्षी, आधी शेपूट, मग पोट, शेवटी चोच. बस पुढे चाललीय आणि खिडकीवर एकेक नग फिरत फिरत विरघळतोय. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनी ही कल्पना आपलीच असल्यासारखी मान डोलावली.

"अरे, माझी माळ!" वन्सं उठल्या. "पिन! पिन कुठेय तिथली?"

हे म्हणाले, "ताई, बस खाली. लोक बघतायत."

बस फाटकाबाहेर वळत होती. यंत्रातली मुलगी म्हणत होती, "आपला प्रवास सुखाचा होवो." वन्संनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि माइक नाही, काही नाही,

"फलाट एकची गाडी! आहे तिथे थांबा!"

तुफानने ब्रेक मारला. नुसता तुफानने नाही. स्थानकात येणाऱ्या गाड्या थांबल्या, जाणाऱ्या थांबल्या. कंडक्टरचा हात तिकिटावर थांबला. केळी सोलणारा सोलता सोलता थांबला. पाहुणे कात्री वर धरून थांबले. बाकावर झोपलेला एक जण उठून उभा राहिला आणि आपल्याला कुठे जायचंय ते आठवू लागला. यंत्रातली मुलगी तेवढी प्रवास सुखाचा करत राहिली, तर मॅनेजरसाहेबांनी स्वतः धावत जाऊन तिची वायर उपटली. बाई पुढे काय सांगतात ते ऐकू येईना म्हणून.

बाई पुढे काही सांगत नव्हत्या. त्या खिडकीपाशी पोचल्या होत्या. खिळ्याला साबण, म्हणजे बस, आणि तिच्या शेजारी अर्धा पक्षी. पक्ष्याचा उघडा टाका वाऱ्यावर हलत होता. वन्संनी अंबाड्यातली क्रोशाची सुई उपसली आणि टाका पकडला.

"आता पिन आण, धाकट्या."

हे खांबाआड सरकत होते. "ताई, पिन कामात आहे."

"कसल्या कामात?"

"सार्वजनिक शिस्तीच्या," असं म्हणून ह्यांनी शर्टाचं टोक जरासं वर केलं. वन्संनी बघितलं, मी बघितलं, पाहुण्यांनीही बघितलं.

आता पंचाईत अशी, की पिन नाही म्हणून टाका सोडता येईना, आणि टाका सोडता येईना म्हणून खिडकी सोडता येईना. मी म्हटलं, "वन्सं, आत बसा तरी." त्या आत गेल्या आणि त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीने ओळखीचा आवाज केला.

तिकडून तुफान रस्त्यावरची सगळी लोकर हाताच्या पंजाला नि कोपराला गुंडाळत आला. "बाई, हा पिवळा माझा ना?"

"तुझाच. लांबून दिसावास म्हणून दिला होता. तू कधी वेळेवर आलायस?"

"आज तुम्हीच थांबवलंत," तो म्हणाला आणि खिडकीशी उभा राहून लोकर सोडू लागला. वन्संनी अर्धा पक्षी पुरा केला. मग चांदणी. ज्या जागी उसवलं होतं, तिथूनच. दुसरे ड्रायव्हरही जमले, आपापला रंग कुठवर आला ते बघायला. "गाठ मारली असती तर आता जोडकाम करावं लागलं असतं," वन्सं मला म्हणाल्या. गाठ मारली असती तर हे काहीच झालं नसतं, हे मी बोलले नाही.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीत डोकं घातलं. "अहो ताई, धरणाकडची गाडी लागली का?"

वन्संनी मान वर न करता सांगितलं. सगळ्या स्थानकाला ऐकू गेलं. मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. वायर कोणी परत जोडली नाही. मॅनेजरसाहेब एक कप घेऊन आले आणि कठड्यावर ठेवला.

"बाई, तो… निरोपाचा चहा राहिला होता आमच्याकडून."

"निरोप कोण घेतंय? बसलेय ना इथे मी," वन्सं म्हणाल्या. एक घोट घेतला. "साखर कमी आहे."

साहेब साखर आणायला गेले.

ऊन उतरलं तेव्हा शेवटची घंटा झाली. माळ आधीपेक्षा थोडी वाकडी, पण खिडकीच्या दोन्ही खिळ्यांवर नीट बसली. टाका अर्थातच उघडा. वन्संनी बोटं मोडली आणि इकडेतिकडे बघितलं. "आता पिन मिळाल्याशिवाय काही खरं नाही."

मी बांगडीतली एक पिन काढून त्यांच्या हातात दिली.

वन्संनी माझ्या हाताकडे बघितलं. बांगडीत अजून दोन होत्या.

"सकाळपासून होत्या?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, म्हणून मी माळेकडे बघत राहिले.

"लक्ष द्यावं माणसानं," वन्सं म्हणाल्या. टाका पिनेला अडकवला, उरलेला गुंडा खिडकीच्या खणात ठेवला, उद्या लागेल म्हणून, आणि चहाचा रिकामा कप साहेबांच्या हातात देऊन माझ्याबरोबर घरी यायला निघाल्या.